पूर लिहितो की पुसतो? नदीच्या गाळातल्या मायक्रोप्लास्टिकच्या 'नोंदी'ची चिकित्सा

'नदीच्या गाळातल्या मायक्रोप्लास्टिकवरून जुन्या पुरांचा इतिहास शोधणे.' पीएचडीच्या सिनॉप्सिससाठी हा विषय ऐकायला फार छान वाटतो. यात प्रदूषण आहे, पूर आहे, प्रयोगशाळेतलं काम आहे, आणि पाणी ओसरलं की नदीकाठी जाऊन नमुने आणता येतात. कृष्णेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या विद्यार्थ्याला तर हा विषय अगदी घरचाच वाटतो.

यामागची कल्पना सोपी आहे. पूर गाळ आणतो, गाळाबरोबर प्लास्टिकचे बारीक कण आणतो. पाणी ओसरलं की थर बसतो. पुढचा पूर, पुढचा थर. काही वर्षांनी तिथे पाइप ठोकून कोअर काढायचा, थराथरातले कण मोजायचे आणि जिथे कण जास्त तिथे पूर, असं वाचायचं. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं.

माझा आक्षेप या 'सारखं' शब्दावर आहे. झाड दर वर्षी एक वलय घालतं आणि आधीचं वलय खोडून टाकत नाही. नदी मात्र लिहिलेलं खोडते. या विषयावर सगळ्यात जास्त वाचला जाणाऱ्या पेपरांपैकी एक नेमकं हेच दाखवतो, आणि तरीही तो 'गाळ म्हणजे नोंद' या म्हणण्याला आधार म्हणून जोडला जातो. म्हणून आज तो पेपर नीट उलगडून बघू. त्यात काय भक्कम आहे, काय कच्चं आहे, आणि आपण त्यातून काय घ्यायचं.

आधी कसोटी ठरवू

एखाद्या गोष्टीला 'भूतकाळाची नोंद' म्हणायचं असेल तर तीन गोष्टी लागतात.

एक, घटना घडली की खूण उमटली पाहिजे, आणि तशी खूण दुसऱ्या कारणाने उमटता कामा नये.
दोन, उमटलेली खूण जागेवर टिकली पाहिजे. पुसली जाऊ नये आणि वरखालीही सरकू नये.
तीन, त्या खुणेला तारीख लावता आली पाहिजे, तीही दुसऱ्या स्वतंत्र घड्याळाने तपासून.

उमटणं, टिकणं, तारीख. पुढचं सगळं या तीन शब्दांवर तपासू.

पेपर काय सांगतो

रेचेल हर्ली, जेमी वुडवर्ड आणि जेम्स रॉथवेल यांचा हा पेपर २०१८ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आला. जागा इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आसपासची, मर्सी आणि अर्वेल या नद्यांची खोरी. त्यांनी १० नद्यांवरच्या ४० ठिकाणी पात्राच्या तळावरचा गाळ घेतला आणि त्यातलं मायक्रोप्लास्टिक मोजलं. मग २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्या भागात मोठे पूर आले. २६ डिसेंबर २०१५ ला अर्वेलला आलेला पूर तिथल्या लोकांच्या चांगलाच लक्षात आहे. पूर ओसरल्यावर त्यांनी त्याच ४० ठिकाणी पुन्हा नमुने घेतले.

पहिल्या फेरीत टेम नदीवर डेंटनजवळ एका ठिकाणी दर चौरस मीटरला सुमारे ५,१७,००० कण सापडले. पण पेपर गाजला तो दुसऱ्या फेरीमुळे. पुराने पात्रात साठलेल्या मायक्रोप्लास्टिकपैकी सुमारे ७० टक्के वाहून नेलं होतं. आकड्यात सांगायचं तर ४३ अब्ज कण, अधिक-उणे १४ अब्ज. वजनात ०.८५ टन, अधिक-उणे ०.२७ टन.

असे आकडे दिसले की कागद-पेन घेऊन एक छोटं गणित करायची सवय लावून घ्या. ०.८५ टन म्हणजे साडेआठ लाख ग्रॅम. त्याला ४३ अब्जांनी भागलं की एका कणाचं सरासरी वजन सुमारे २० मायक्रोग्रॅम येतं. घनता पाण्याइतकी आणि आकार गोल धरला तर व्यास साधारण एक तृतीयांश मिलिमीटर, बारीक रव्याच्या दाण्याएवढा. म्हणजे कणांची संख्या आणि वजन हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात. असं जुळत नसेल तर पेपर पुढे वाचताना सावध व्हायचं. इथे जुळतं.

जागेबद्दलही एक मजेशीर गोष्ट. पॉलिथिन पहिल्यांदा हाती लागलं १९३३ मध्ये, चेशायरमधल्या नॉर्थविचच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. ते गाव मँचेस्टरपासून फार लांब नाही. पॉलिएस्टरचं मूळ असलेलं पीईटी १९४१ मध्ये शोधणारे व्हिनफील्ड आणि डिक्सन मँचेस्टरच्याच कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये कामाला होते. म्हणजे प्लास्टिकयुगाचा इतिहास नदीच्या गाळात कुठे वाचायचा तर तो इथेच वाचायला मिळावा, अशी ही जागा.

यातलं भक्कम काय

या कामाची खरी ताकद आकड्यात नाही, रचनेत आहे. एका नदीवरचे दोन-तीन नमुने घेऊन 'अमुक नदी प्रदूषित आहे' म्हणणारे पेपर ढिगाने आहेत. इथे अख्खं खोरं घेतलं, डोंगरातल्या ओढ्यांपासून शहरातल्या नदीपर्यंत, आणि त्याच जागा पुन्हा गाठल्या. पुराच्या आधीची मोजणी हातात असणं हे फार दुर्मीळ असतं. पूर येऊन गेल्यावर जाग येऊन नमुने घ्यायला धावणारे पुष्कळ असतात, पण 'आधी काय होतं' हे त्यांच्याकडे नसतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी चूकमर्यादा लपवली नाही. ४३ अब्जांवर १४ अब्ज म्हणजे जवळजवळ ३३ टक्के. वर्तमानपत्रात फक्त '४३ अब्ज' छापून येतं. तुम्ही उद्धृत करताना मात्र '± १४' गाळू नका. तो आकडा सोबत घेतला की वास्तव संख्या २९ अब्ज असू शकते आणि ५७ अब्जही, हे वाचणाऱ्याला कळतं.

आणि कच्चं काय

पहिलं, 'आधी-नंतर' आहे, पण 'पूर आला नाही अशी नदी' नाही. पूर सगळ्या खोऱ्यात आला, त्यामुळे तुलनेसाठी शेजारची कोरडी नदी मिळणं शक्यच नव्हतं. हा संशोधकांचा दोष नाही, निसर्गाने दिलेल्या प्रयोगाची मर्यादा आहे. पण मर्यादा ही मर्यादाच. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पुराशिवायही बरंच काही बदलतं: ऋतू, पाण्याची पातळी, सांडपाण्याचं प्रमाण. घट इतकी मोठी आहे की मुख्य निष्कर्ष मला मान्य आहे. मात्र '७० टक्के' हा आकडा 'पुराचा नियम' म्हणून दुसऱ्या नदीला चिकटवणं मान्य नाही. ती एका खोऱ्यातल्या एका हिवाळ्याची गोष्ट आहे. चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडी अशी आपल्याकडची नदी त्याच हिशोबाने वागेल असं धरायला काही आधार नाही.

दुसरं, ४० बिंदूंवरून अख्ख्या पात्राचा साठा काढायचा म्हणजे मधल्या जागा अंदाजाने भरायच्या. डेंटनसारखी एखादी जागा बाकीच्यांपेक्षा प्रचंड वर असते तेव्हा ती जागा किती लांबीच्या पात्राचं प्रतिनिधित्व करते, यावर एकूण बेरीज खूप हलते.

तिसरा मुद्दा पेपरवर कमी आणि तो वापरणाऱ्यांवर जास्त आहे. पात्रातून गेलं म्हणजे समुद्रात गेलंच असं नाही. पूर काठ ओलांडतो तेव्हा काही गाळ पूरमैदानावर चढतो, तिथे बसतो. त्या गाळाबरोबर काही कणही तिथे राहिले असू शकतात. पात्रातल्या नमुन्यांवरून हा हिशोब लागत नाही. आपल्या विषयासाठी तर हाच हिशोब सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पात्राची आठवण कोरड्या दिवसांची

आता आपली कसोटी लावा. पुराने पात्रातलं ७० टक्के प्लास्टिक नेलं. म्हणजे पात्राचा तळ 'टिकणं' या अटीत सरळ नापास. पूर तिथे लिहीत नाही. मागचं लिहिलेलं पुसतो.

यात आणखी एक गोम आहे. समजा तुम्ही एखाद्या नदीच्या पात्रातून नमुना घेतला आणि कण कमी निघाले. याचा अर्थ काय? नदी स्वच्छ आहे, की गेल्याच महिन्यात पूर येऊन गेला? दोन अगदी वेगळी कारणं, आणि नमुन्यातलं उत्तर एकच. उलट, कण जास्त निघाले तर? बऱ्याच दिवसांत मोठं पाणी आलेलं नाही, की वरच्या अंगाला कुणीतरी सांडपाणी सोडतंय? आकडा एकटा काहीच सांगत नाही.

हाच धागा पकडून वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये पुढचा पेपर लिहिला. युक्तिवाद असा: जोरात वाहणारं पाणी कण वाहून नेतं. मग पात्राच्या तळावर कणांचा मोठा साठा दिसत असेल, तर ते कण नदी संथ असताना, पाणी कमी असताना आले असले पाहिजेत. पावसाळी पाण्याबरोबर आले असते तर तिथे थांबलेच नसते. म्हणून त्यांचं बोट थेट कोरड्या दिवसांत सोडल्या जाणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याकडे गेलं. असं सांडपाणी सोडणं टाळता येण्यासारखं आहे, ही त्यांची मांडणी.

मला हा दुसरा पेपर पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. कारण पुराने पुसलेली पाटी ही त्यांनी अडचण मानली नाही, पुरावा मानली. पाटी कधी कोरी झाली हे माहीत असेल तर त्यानंतर काय लिहिलं गेलं ते वाचता येतं. पण लक्षात घ्या, इथे पात्र 'पुराची नोंद' देत नाहीये. दोन पुरांच्या मधल्या शांत दिवसांची नोंद देतंय. आपल्याला हवी होती त्याच्या बरोबर उलटी.

मग पूर कुठे लिहिला जातो?

पात्रात नाही, काठावर. आणि हे काही प्लास्टिकवाल्यांनी शोधलेलं नाही. पूर भरात असताना मुख्य प्रवाह धावत असतो, पण कपारींत, उपनद्यांच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला पाणी संथ होतं आणि त्यातली वाळू-माती खाली बसते. पुढचा तितकाच उंच पूर आला तर त्यावर दुसरा थर. या थरांवरून जुन्या पुरांची उंची आणि क्रम काढण्याचं शास्त्र १९८० च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर बेकर आणि इतरांच्या कामातून रुळलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळे यांनी बेकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नर्मदा आणि तापीच्या पुरांवर याच पद्धतीने मोलाचं काम केलं. या विषयात येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने मायक्रोप्लास्टिकच्या आधी ते पेपर वाचावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या जुन्या पद्धतीला एक अडचण आहे, आणि प्लास्टिकचा मोह तिथूनच सुरू होतो. थरांच्या तारखा बहुतेक वेळा कार्बन-१४ ने काढतात. गेल्या तीनेकशे वर्षांसाठी ही पद्धत फारच ढोबळ उत्तर देते. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला पूर कोणता, हे सांगताना तीच अडखळते. तिथे प्लास्टिक कामाला येईल असं वाटणं साहजिक आहे. थरात प्लास्टिकची पिशवी किंवा बाटलीचं बूच सापडलं तर थर अलीकडचा, हा तर्क पूर-अभ्यासक आधीपासून वापरतातच. पिशवीच्या जागी डोळ्यांना न दिसणारा कण घेतला की झालं!

पण तसं होत नाही. का ते दोन टप्प्यांत बघू.

पहिला टप्पा: 'किलोमागे कण' हे फसवं माप

समजा, आणि हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत, पूरमैदानावरच्या एका जागी एरवी वर्षाला १ मिलिमीटर गाळ बसतो. हिशोब सोपा व्हावा म्हणून कोरड्या गाळाची घनता पाण्याइतकी धरू. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला १ किलो गाळ. त्यात किलोमागे ५०० कण. त्या वर्षी त्या चौरस मीटरवर आलेले एकूण कण ५००.

आता मोठा पूर आला. दोन दिवसांत १०० मिलिमीटर वाळूमिश्रित गाळ बसला, म्हणजे १०० किलो. वाळू भरपूर असल्याने किलोमागे कण फक्त ५०. एकूण कण किती? ५,०००.

एकाच थराची दोन वाचनं झाली. 'किलोमागे कण' असा आलेख काढला तर पूर म्हणजे दहापट खोल खड्डा. 'चौरस मीटरमागे आलेले कण' असा काढला तर पूर म्हणजे दहापट उंच शिखर. 'जिथे कण जास्त तिथे पूर' असं वाचणारा विद्यार्थी पहिल्या आलेखात नेमका पूर सोडून बाकी सगळी वर्षं पूर म्हणून दाखवेल.

यावर उपाय आहे: थराची जाडी, घनता आणि तो बसायला लागलेला काळ मोजून एकूण आवक काढायची, आणि गाळ किती बारीक आहे त्यानुसार कणांचा आकडा तोलायचा. पण बसायला लागलेला काळ कळायला तारीख लागते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी प्लास्टिक मोजायला घेतलं, तीच आधी माहीत असावी लागते!

जागेचाही प्रश्न आहे. जर्मनीत कोलोनजवळ ऱ्हाइनच्या पूरमैदानावर झालेल्या, २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात मातीतलं मायक्रोप्लास्टिक दोन गोष्टींवर ठरतं असं दिसलं: ती जागा किती वेळा पाण्याखाली जाते आणि मैदानाची उंचसखलता. आपल्याकडे नदीकाठच्या मळीच्या जमिनीत फिरलेल्या कुणालाही हे पटेल. एकाच शेतात खोलगट कोपऱ्यात वीतभर गाळ आणि बांधाजवळ बोटभर. एका कोअरवरून नदीचा इतिहास सांगणं म्हणजे त्या एका कोपऱ्याचा इतिहास सांगणं.

दुसरा टप्पा: कण जागेवर राहत नाहीत

आता सगळ्यात मोठा धक्का, आणि तो नदीतून आलेला नाही, शांत तळ्यांतून आलाय. २०२४ मध्ये इंता दिमांते-देइमांतोविचा आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये लाटवियातल्या तळ्यांच्या गाळाचा अभ्यास मांडला. गाळाच्या तारखा स्वतंत्र पद्धतींनी काढल्या होत्या, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे. मायक्रोप्लास्टिक सगळ्याच थरांत निघालं. प्लास्टिकचा शोध लागण्याच्या शे-दीडशे वर्षं आधीच्या थरांतसुद्धा!

साहजिकच ते कण वरून खाली उतरले असले पाहिजेत. त्यांना असंही दिसलं की लांबट कण आणि धागे कमी सरकतात आणि कमी लांबट, गोलसर कण जास्त खोल पोचतात. म्हणजे किती खोल जाणार हे कणाच्या आकारावर ठरतं, त्याच्या वयावर नाही.

जिथे लाटा नाहीत, प्रवाह नाही, अशा तळ्यांची ही गत. मग पूरमैदानाचं काय? तिथे गांडुळं आहेत, उंदरांची बिळं आहेत, झाडांची मुळं आहेत. काळी माती असेल तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं, सोबत वरचे कण घेऊन. त्यात नांगर. आपल्या नदीकाठी न नांगरलेली जागा शोधणं हाच एक प्रकल्प होईल.

प्लास्टिकची नोंद नीट टिकते अशा जागाही जगात आहेत, हे खरं. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्यातल्या समुद्रतळाच्या कोअरमध्ये १९४५ नंतर प्लास्टिकची आवक साधारण दर १५ वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं जेनिफर ब्रँडन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. पण तिथल्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नाही. त्यामुळे गाळ उकरणारे जीव नाहीत आणि वर्षावर्षाचे थर वेगळे दिसतात. नदीकाठाला ही चैन नाही.

मग हा विषय सोडून द्यायचा?

नाही. पण प्रश्न बदलायचा. 'प्लास्टिकवरून पूर शोधतो' याऐवजी 'ज्या पुराची तारीख आधीच माहीत आहे, त्या थरात प्लास्टिक कसं वागतं ते बघतो' असा प्रश्न घ्यायचा.

पुण्याचंच उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेला महापूर आला. या पुराची तारीख शंभर टक्के पक्की आहे. त्या वेळी प्लास्टिक रोजच्या वापरात फारच कमी होतं. पॉलिप्रॉपिलीन तर जगाच्या बाजारातच १९५७ च्या सुमाराला आलं, त्यामुळे १९६१ च्या मुठेच्या पाण्यात त्याचे कण असण्याची शक्यता नगण्य. शिवाय हवेतल्या अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ चं शिखर १९६३ च्या आसपासच्या थरात येतं, म्हणजे पानशेतच्या थराच्या जेमतेम वर. खालचा थर ओळखायला याहून सोयीची खूण मिळणार नाही.

आता पानशेतचा थर एखाद्या न उकरलेल्या जागी टिकलेला सापडला आणि त्यात पॉलिप्रॉपिलीन निघालं, तर ते वरून आलं हे जवळपास नक्की. किती आलं, कोणत्या आकाराचं, किती खोल, हे मोजता येईल. म्हणजे आपल्या मातीत, आपल्या पावसात प्लास्टिक खाली किती सरकतं, याचं थेट माप मिळेल. हे माप हातात असल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही थराला प्लास्टिकवरून तारीख लावणं म्हणजे अंदाजपंचे. थर सापडलाच नाही, तर 'अशा नोंदी शहरातल्या नदीकाठी टिकत नाहीत' हेही उत्तरच आहे.

या सगळ्यातून प्लास्टिकला एक मर्यादित पण प्रामाणिक जागा मिळते. कण जागचा हललेला नाही हे सिद्ध करता आलं, तर त्या जातीचं प्लास्टिक बाजारात येण्याआधीचा तो थर नाही, एवढं म्हणता येतं. ती तारखेची फक्त खालची मर्यादा झाली, तारीख नाही. आणि उलटं तर मुळीच म्हणता येत नाही: कण नाहीत म्हणून थर जुना, असं नाही.

एवढी काटेकोरपणा कशाला?

कारण पुरांची यादी ही फक्त थिसिसच्या परिशिष्टात राहत नाही. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कुठे घर बांधता येईल आणि कुठे नाही, हे त्या रेषांवर ठरतं. आपल्याकडे मोजलेल्या पाण्याच्या नोंदी थोड्या दशकांच्या आहेत, त्यामुळे '१०० वर्षांचा पूर' काढताना जुन्या पुरांचा कुठलाही पुरावा वजनदार ठरतो. खाली सरकलेल्या कणांमुळे १९२० चा थर १९७० चा समजला, तर तेवढ्याच वर्षांत एक जास्तीचा मोठा पूर मोजला जाईल आणि रेषा वर चढेल. वाळूने पातळ झालेला पूर आलेखात खड्डा दिसल्याने सुटला, तर रेषा खाली उतरेल. पहिल्या चुकीत कुणाची जमीन अडकते, दुसऱ्या चुकीत कुणाचं घर पाण्यात जातं.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

गाईडसमोर जाण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा.

१. नमुना पात्रातला की काठावरचा? पात्रातला असेल तर 'पुराचा इतिहास' हे शब्द शीर्षकातून काढा.

२. प्लास्टिकशिवाय दुसरं घड्याळ कोणतं? सीझियम-१३७ आणि लेड-२१० या दोन्हींची सोय कुठे होईल, खर्च किती, हे आधी विचारा. लेड-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं आहे, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत ते उपयोगी. पण ते संथ, सलग बसणाऱ्या गाळासाठी चांगलं. पुराने एका दिवसात टाकलेल्या जाड थरात ते गडबडतं, हेही लिहा.

३. माप किलोमागे की क्षेत्रफळामागे? दोन्ही द्या, आणि शेजारी वाळू-गाळ-चिकणमातीचं प्रमाण द्या.

४. कण मोजले किती? एका थरात ४ आणि दुसऱ्यात ९ कण सापडले म्हणून 'दुपटीहून जास्त' लिहू नका. मोजणीतली चूक ढोबळमानाने वर्गमूळाएवढी असते. ४ ± २ आणि ९ ± ३. फरक ५, त्यावरची चूक साडेतीनच्या पुढे. हा फरक आहे असं म्हणायला एवढे कण पुरेसे नाहीत.

५. कोरा नमुना ठेवला का? प्रयोगशाळेतल्या हवेत कपड्यांचे धागे तरंगत असतात. काहीही न घातलेली बशी बाकीच्या नमुन्यांबरोबर सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि तिच्यात निघालेले कण प्रामाणिकपणे छापा. तिच्यात ५ धागे निघाले आणि तुमच्या सगळ्यात खालच्या थरात ६, तर त्या थरात प्लास्टिक आहे असं म्हणू नका.

या पाचांपैकी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. विषय बदलू नका, शीर्षक बदला. वुडवर्ड यांच्या दुसऱ्या पेपरसारखं काम आपल्याकडे कमी खर्चात होऊ शकतं: पावसाळा संपल्यावर पाटी कोरी झाली असं गृहीत न धरता आधी ते तपासायचं, मग नोव्हेंबरपासून मेपर्यंत दर महिन्याला त्याच जागांवरून पात्रातला गाळ घ्यायचा आणि प्लास्टिक कुठे, कधी चढतं ते बघायचं. पुरांचा इतिहास त्यातून मिळणार नाही. पण कोरड्या महिन्यांत नदीत कोण काय सोडतंय, हे मिळेल, आणि ते उत्तर तीन-चार वर्षांच्या पीएचडीत खरंच हाती लागेल.